शरच्चंद्रांच्या ‘देवदास’ कादंबरीतील प्रेम, हिंसा आणि पुरुषत्व

प्रस्तावना

भारतीय भाषांतील ज्या मोजक्या कादंबऱ्यांच्या नायकाचे नाव पुढे सामान्यनाम झाले, त्यांत शरच्चंद्र चट्टोपाध्याय (१८७६–१९३८) यांच्या ‘देवदास’चा समावेश करावा लागतो. प्रेमभंगाने खचलेल्या, व्यसनाधीन झालेल्या तरुणाला मराठीतही सहजपणे ‘देवदास’ म्हटले जाते. ही कादंबरी शरच्चंद्रांनी ऐन तारुण्यात लिहिली. ती प्रसिद्ध करण्याविषयी ते स्वतः फारसे उत्सुक नव्हते. अखेर १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रकाशित झाली. भा. वि. तथा मामा वरेरकर यांनी शरच्चंद्रांचे साहित्य मोठ्या प्रमाणावर मराठीत आणले. त्यामुळे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना शरच्चंद्र परके वाटले नाहीत. चित्रपटांनी या परिचयात आणखी भर घातली.

या परिचयातूनच देवदासविषयी एक पक्की समजूत तयार झाली आहे. तो हळवा, दुबळा आणि निरुपद्रवी प्रेमिक आहे, त्याने कोणाचे वाईट केले नाही, जे काही वाईट केले ते स्वतःचेच, असे या समजुतीचे स्वरूप आहे. कादंबरीची संहिता मात्र या समजुतीला पुष्टी देत नाही. संहितेत देवदास पार्वतीला लहानपणी मारतो, मोठेपणी मारतो, आणि त्या माराची खूण तिच्या कपाळावर कायमची राहते. प्रेमकथा म्हणून गौरवल्या गेलेल्या या कादंबरीच्या मध्यभागी एक जखम आहे, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय कादंबरीतील प्रेमाचा विचार पूर्ण होत नाही.

प्रस्तुत निबंधात ‘देवदास’मधील प्रेम, हिंसा आणि पुरुषत्व यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. देवदासचा दुबळेपणा आणि त्याची हिंसा या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच पुरुषत्वाची दोन रूपे आहेत, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे. देवदासला स्वतः निर्णय घेता येत नाही आणि पार्वतीने घेतलेला निर्णय त्याला सहन होत नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत हिंसा जन्म घेते, आणि कादंबरीतील सर्व माणसे, पार्वतीसुद्धा, तिला प्रेमाचे नाव देतात.

‘दुबळा नायक’ या समजुतीची पार्श्वभूमी

देवदासच्या दुबळेपणाची चर्चा वसाहतकालीन संदर्भापासून वेगळी करता येत नाही. मृणालिनी सिन्हा यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मर्दानी इंग्रज’ आणि ‘बायकी बंगाली बाबू’ ही जोडप्रतिमा कशी घडवली गेली, याचे विस्तृत विवेचन केले आहे. शासनव्यवहारात, कायद्यांवरील वादांत आणि नोकरशाहीतील प्रवेशाच्या प्रश्नात ही प्रतिमा वापरली जात होती. देवदास हा या प्रतिमेच्या सावलीत वाढलेला जमीनदारपुत्र आहे. तालसोनापूर या गावातून तो शिक्षणासाठी कोलकात्याला जातो आणि परततो तेव्हा त्याच्या अंगावर विलायती बूट, हातात छडी, घड्याळ आणि सोन्याच्या गुंड्या असा बाबूचा साज असतो. या साजाला साजेसे कर्तृत्व मात्र त्याच्यापाशी नाही. वडिलांची इस्टेट आहे, पण तिच्यावरील सत्ता वडिलांची आणि नंतर थोरल्या भावाची आहे. शिक्षण आहे, पण त्याचा उपयोग नाही.

आशिष नंदी यांनी प्रमथेश बरुआ यांच्यावरील आपल्या लेखनात देवदास या प्रतिमेचा, शहर आणि गाव यांच्यामध्ये हरवलेल्या आत्मनाशी नायकाचा, मार्मिक विचार केला आहे. ही दृष्टी मोलाची आहे. तथापि, नायकाच्या हरवलेपणावर लक्ष एकवटले की त्या हरवलेपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मागे पडण्याचा धोका असतो. समाजशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी वर्चस्ववादी पुरुषत्वाच्या बरोबरीने गौण ठरलेल्या पुरुषत्वांचाही विचार मांडला आहे. या मांडणीच्या आधारे असे म्हणता येते की जो पुरुष बाहेरच्या जगात गौण ठरतो, तो घरातल्या किंवा शेजारच्या स्त्रीच्या संदर्भातही गौण असतोच असे नाही. वडिलांपुढे मान खाली घालणारा देवदास पार्वतीपुढे मालक असतो. कादंबरीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

बालपण : माराची आणि मौनाची शाळा

कादंबरीचा बालपणाचा भाग सामान्यतः निरागस प्रेमाचा भाग म्हणून वाचला जातो. पाठशाळेत भुलो या मुलाला चुन्याच्या ढिगात ढकलून देवदास पळून जातो, आमराईत लपून हुक्का ओढतो आणि पार्वती पदरात मुरमुरे बांधून त्याला नेऊन देते. चित्र गोड आहे. परंतु याच भागात गळासाठी बांबू तोडण्याचा प्रसंग आहे. पार्वतीने वाकवून धरलेला बांबू तिच्या हातून सुटतो, देवदास खाली पडतो आणि चिडून तिला काठीने झोडपतो. तिच्या अंगावर वळ उठतात.

या प्रसंगानंतर जे घडते ते माराहून अधिक महत्त्वाचे आहे. घरी विचारणा होते तेव्हा पार्वती देवदासचे नाव घेत नाही. पंडितांनी मारले असे ती सांगते. घरातील माणसांना ते खरे वाटते आणि तिची पाठशाळा सुटते. देवदासने मारलेल्या माराची शिक्षा अशा रीतीने तिच्या शिक्षणाला होते. शरच्चंद्रांनी हा प्रसंग हलक्या हाताने रंगवला आहे. पार्वतीला स्वतःलाही पाठशाळा सुटल्याचे दुःख नाही, कारण देवदासशिवाय तिथे तिचे मन रमत नव्हते. तरीही कार्यकारणाची साखळी संहितेत स्पष्ट आहे. मुलगा मारतो, मुलगी खोटे बोलून त्याला वाचवते, आणि तिचे जग तेवढे आक्रसते.

या बालपणात दोघेही एक धडा शिकतात. राग आला की तो पार्वतीवर काढता येतो आणि त्यानंतरही ती आपलीच राहते, हे देवदास शिकतो. मार लपवणे हेच प्रेमाचे लक्षण आहे, हे पार्वती शिकते. कादंबरीचा पुढचा सारा भाग या दोन धड्यांचा विस्तार आहे.

मध्यरात्रीची भेट आणि पत्र

पार्वती तेराव्या वर्षात आल्यावर तिच्या लग्नाचा प्रश्न उभा राहतो. नीलकंठ चक्रवर्तींचे घराणे मुलीच्या लग्नात पैसे घेणाऱ्यांपैकी, म्हणून मुखर्जींच्या दृष्टीने हलके. शिवाय घर अगदी शेजारचे. या दोन कारणांनी देवदासच्या घरून नकार मिळतो. अपमानित झालेले नीलकंठ हातीपोता येथील जमीनदार भुवन चौधरी यांचे स्थळ निश्चित करतात.

या टप्प्यावर कादंबरीतील सर्वांत धाडसी कृती पार्वती करते. मध्यरात्री ती एकटी देवदासच्या खोलीत जाते आणि त्याच्या पायाशी आश्रय मागते. तिच्या या कृतीत लाजेचा अभाव नाही. लाजेची किंमत मोजण्याची तयारी आहे. त्या काळातील ब्राह्मण घरातील मुलीला या एका रात्रीने काय गमवावे लागले असते, हे सांगण्याची गरज नाही. देवदासचा पहिला विचार मात्र तिला कोणी पाहिले की काय, हा असतो. तो निर्दय नाही. तिच्या अब्रूची काळजी त्याला खरोखर वाटते. पण तिने त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न अब्रूचा नव्हता, निर्णयाचा होता. त्या प्रश्नाचे उत्तर देवदास आईवडिलांच्या इच्छेकडे ढकलतो.

वडिलांनी झिडकारल्यावर तो कोलकात्याला निघून जातो आणि तेथून पार्वतीला पत्र लिहितो. आईवडिलांना दुःख देणे शक्य नाही, आणि आपल्या मनात तिच्याविषयी फार ओढ होती असेही कधी वाटले नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्र टाकल्याबरोबर त्याला पश्चात्ताप होतो. समीक्षेत या पश्चात्तापाला बरेच महत्त्व मिळाले आहे. पण पत्राचे स्वरूपही पाहिले पाहिजे. ‘माझी हिंमत होत नाही’ एवढे लिहिणे त्याला शक्य होते. त्याऐवजी तो प्रेमच नव्हते असे लिहितो. स्वतःचा भित्रेपणा झाकण्यासाठी तो तिच्या प्रेमाचे अस्तित्व पुसून टाकतो. शारीरिक आघाताच्या आधी झालेला हा आघात आहे, आणि पुढच्या आघाताची दिशाही त्यात दिसते. जिथे स्वतःची उणीव दिसू लागते, तिथे समोरच्या स्त्रीला लहान करायचे, ही ती दिशा होय.

घाटावरील आघात

पश्चात्तापाने परतलेला देवदास तळ्याच्या घाटावर पार्वतीला भेटतो तेव्हा त्याच्या हातात मासे पकडण्याची गळाची काठी असते. बालपणीच्या माराचे निमित्त गळासाठी तोडायचा बांबू हेच होते. हा योगायोग लेखकाने हेतुपूर्वक योजला असेल वा नसेल, पण संहितेत तो अर्थपूर्ण ठरतो.

देवदास आता लग्नाला तयार आहे. घरच्यांना कसेही करून राजी करतो, असे तो सांगतो. पण मधल्या काळात पार्वतीची भूमिका बदललेली आहे. तिलाही आईवडील आहेत, त्यांच्याही शब्दाला मान आहे, असे ती त्याला सुनावते. ज्याच्याशी लग्न ठरले तो मनुष्य श्रीमंत आहे, शांत आहे, चंचल नाही, असेही ती म्हणते. ज्या घराण्याच्या आणि मोठेपणाच्या भाषेत तिला नाकारले गेले, तीच भाषा ती त्याला परत करते. तिचा हा अभिमान देवदासला सहन होत नाही. सुंदर चंद्रावरही डाग असतो, तेव्हा तिच्या रूपावरही एक खूण असावी, अशा अर्थाचे बोलून तो काठीने तिच्या कपाळावर घाव घालतो. रक्त वाहू लागते. मग तोच सदरा फाडून पट्टी बांधतो आणि तिची समजूत घालतो.

या प्रसंगातील तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट क्षणाची. पार्वती शरण आली होती त्या रात्री देवदासने हात उचलला नाही. ती स्वतःच्या पायांवर उभी राहते त्या दिवशी तो हात उचलतो. म्हणजे हिंसेचे कारण प्रेमभंग हे नाही, तर स्त्रीचा स्वतंत्र नकार हे आहे.

दुसरी गोष्ट जागेची. घाव कपाळावर आहे. विवाहित बंगाली स्त्रीच्या सौभाग्याचा शेंदूर कपाळाच्या वरच्या कडेशी, भांगात भरला जातो. दुसऱ्या पुरुषाचा शेंदूर तिथे लागण्याआधी देवदास शेजारीच आपली खूण कोरून ठेवतो. ज्या मालकीची जबाबदारी लग्नाने घ्यावी लागली असती, ती मालकी तो लग्नाशिवाय, जबाबदारीशिवाय घेतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मारण्याच्या आधी उपमा येते आणि मारल्यानंतर शुश्रूषा येते. उपमा आणि शुश्रूषा या दोहोंच्या मध्ये घाव इतका नीट बसवला आहे की तो घाव वाटेनासा होतो, प्रेमाचा उत्कट उद्गार वाटू लागतो. कौटुंबिक हिंसाचारात मार आणि माया यांचे जे चक्र स्त्री-अभ्यासात पुढे ओळखले गेले, ते शरच्चंद्रांनी एका प्रसंगात अचूक टिपले आहे, असे म्हणावे लागेल.

या वाचनावर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. आजचे निकष शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीला लावणे अन्यायाचे आहे, त्या काळी मारणे हे सलगीचेच अंग समजले जाई, असा तो आक्षेप. परंतु देवदासला स्वतःला आपण केले ते चुकले हे कळते. तो पुढे त्याबद्दल खेद व्यक्त करतो. शिवाय, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्येच लिहिली होती. पुरुषाच्या दुर्वर्तनाचा दोष स्त्रीच्या माथी का मारला जातो, हा प्रश्न शरच्चंद्र लहान असतानाच भारतीय भाषांत विचारला गेला होता. तेव्हा हा निकष बाहेरून आणलेला नाही. तो त्याच युगाच्या पोटात होता.

खुणेचा अर्थ : पार्वतीचे वाचन

विवाहानंतर, देवदासच्या वडिलांच्या निधनानंतर, दोघांची पुन्हा भेट होते. देवदासला आपल्या कृत्याची खंत आहे. पार्वती मात्र ती खूण आपला दिलासा आणि आपला गौरव असल्याचे सांगते. त्या खुणेत तिला लाज किंवा कलंक दिसत नाही, दोघांच्या बालपणाचा इतिहास दिसतो.

पार्वतीच्या या उद्गारांचे दोन प्रकारे वाचन करता येते. एक, पितृसत्तेने घडवलेली स्त्री स्वतःवरील हिंसेलाच प्रेमाचा पुरावा मानते. दोन, ज्या स्त्रीकडे प्रेमाची दुसरी कोणतीही वस्तू नाही, ना पत्र ना वचन ना सहवास, ती हाती असलेल्या एकमेव वस्तूला अर्थ देते. देवदासने जी खूण मालकीची म्हणून दिली, तिला ती आठवणीची करते. यांपैकी पहिले वाचन योग्य असले तरी अपुरे आहे. दुसरे वाचन पार्वतीच्या बुद्धीला न्याय देते, पण हिंसेला सौम्य करण्याचा धोका पत्करते. संहिता या दोहोंत निवड करीत नाही. ती एवढेच दाखवते की अर्थ लावण्याचे कामही अखेर जखमी व्यक्तीवरच येऊन पडते. मारणाऱ्याला खेद पुरतो, मार खाणारीला जखमेसह जगण्याची रीत शोधावी लागते.

समाजमान्य हिंसा : हातीपोत्याचे घर

देवदासच्या हिंसेची चर्चा करताना दुसऱ्या एका हिंसेकडे दुर्लक्ष होऊ नये. तेरा वर्षांची पार्वती चाळिशीच्या आसपासच्या, मुलेबाळे असलेल्या विधुराला दिली जाते. या घटनेत कोणीही कोणाला मारत नाही, म्हणून ती हिंसा म्हणून दिसत नाही. शरच्चंद्रांच्या तारुण्यातच संमतिवयाचा वाद देशभर गाजला होता. बंगालमधील फुलमणी दासी या बालिकावधूच्या १८९० मधील मृत्यूनंतर, १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. महाराष्ट्रातही लोकमान्य टिळकांसह अनेकांनी या कायद्याला विरोध केला होता. कायद्याने आखलेल्या बारा वर्षांच्या रेषेच्या पार्वती किंचित पलीकडे आहे. तिचे लग्न कायद्याला आणि समाजाला दोघांनाही मान्य आहे.

भुवन चौधरी सज्जन आहेत. ते पत्नीशी आदराने वागतात, तिच्या दानधर्माला आडकाठी करीत नाहीत. पार्वतीही सावत्र मुलगी यशोमती हिला आपले दागिने देऊन घर जिंकते. पण तेराव्या वर्षी तिला वयाने मोठ्या मुलांची आई व्हावे लागते. म्हणजे एका बाजूला हात उचलणारा प्रेमिक आणि दुसऱ्या बाजूला कधीही हात न उचलणारा, पण वयाने तिच्या बापाचा शोभेल असा पती, एवढीच निवड या जगात पार्वतीपुढे आहे. खरे तर निवडही नाही, कारण पहिल्याने नाकारले आणि दुसऱ्याला बापाने ठरवले. देवदासची हिंसा त्याच्या व्यक्तिगत स्वभावातून येते हे खरे, पण ती ज्या घरात वाढते त्या घराचा पायाच मुलीच्या इच्छेला स्थान नसण्यावर उभा आहे.

चंद्रमुखी : तिरस्काराचे आकर्षण

चुनीलालच्या सोबतीने देवदास चंद्रमुखीकडे जातो तेव्हा तो तिच्याशी किळस आल्यासारखा वागतो आणि पैसे टाकून निघून जातो. या तिरस्कारानेच चंद्रमुखी त्याच्याकडे ओढली जाते. इतर पुरुष तिच्याकडे वस्तू म्हणून पाहतात, हा पुरुष तिच्याकडे पाहतही नाही, हे तिला वेगळे वाटते. कादंबरीतील दोन्ही स्त्रियांचे प्रेम अशा रीतीने देवदासने केलेल्या अवहेलनेपासून सुरू होते किंवा तिच्यामुळे दृढ होते. एकीला काठीचा घाव मिळतो, दुसरीला शब्दांचा.

तथापि, चंद्रमुखीच्या चित्रणात शरच्चंद्रांनी एक मोकळीकही ठेवली आहे. पुरुष प्रेमाचा गाजावाजा करतात, स्त्री बहुधा गप्प राहते आणि शेवटी बोल तिलाच लागतो, अशा आशयाचे विचार चंद्रमुखीच्या तोंडी आले आहेत. समाजाने जिला बोलण्याचा अधिकार नाकारला, तीच या कादंबरीत पुरुषांविषयी सर्वांत स्पष्ट बोलते. ती व्यवसाय सोडते, खेड्यात जाऊन साधेपणाने राहते आणि नंतर देवदासला शोधून काढून त्याची शुश्रूषा करते. निर्णय घेण्याची जी क्षमता देवदासमध्ये नाही, ती पार्वतीप्रमाणेच चंद्रमुखीतही आहे. कादंबरीत कृती स्त्रिया करतात आणि शोकांतिका मात्र पुरुषाच्या नावावर जमा होते.

आत्मनाश आणि अखेरचा प्रवास

देवदासचे मद्यपान हे सामान्यतः त्याच्या प्रेमाचे प्रमाण मानले जाते. पण पार्वतीवर उठलेला हात आणि मद्याचा पेला उचलणारा हात हे वेगळे हात नाहीत. घाटावर जो राग बाहेर वळला, तोच पुढे आत वळतो. दोन्ही ठिकाणी जबाबदारी टळते. पहिल्या वेळी पार्वतीचा अभिमान हे कारण ठरते, दुसऱ्या वेळी पार्वतीचा वियोग. आत्मनाशालाही येथे एक प्रेक्षक हवा असतो, आणि ती प्रेक्षक म्हणजे पार्वती.

मृत्यूपूर्वी देवदास दिलेला शब्द पाळतो. पार्वतीने त्याची सेवा करण्याची इच्छा व्यक्त केली होती आणि मरण्यापूर्वी तिच्या दारी येण्याचे त्याने मान्य केले होते. पांडुआ स्थानकावर धर्मदासला न उठवता तो गाडीतून उतरतो, बैलगाडीने हातीपोत्याला पोहोचतो आणि चौधरींच्या वाड्याजवळ पिंपळाखाली प्राण सोडतो. हा प्रवास हृदयद्रावक आहे यात शंका नाही. पण शब्द पाळण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पार्वतीला सेवा करायची होती. देवदास सेवा शक्य असेतोवर येत नाही, सेवेची वेळ टळून गेल्यावर येतो. ती घरात असते आणि दाराशी कोण मरत आहे हे तिला ठाऊक नसते. कळते तेव्हा मृतदेहही उरलेला नसतो. त्याची जात ठाऊक नसल्याने गावकरी त्याला शिवत नाहीत आणि चांडाळ त्याला कसेबसे जाळतात. बातमी ऐकून पार्वती धावत सुटते, तिला अडवले जाते आणि ती बेशुद्ध पडते. वचन पूर्ण होते, पण ज्या स्त्रीला ते दिले तिला त्यातून काहीच मिळत नाही. उलट आजवर तिने जपलेले गुपित सासरच्या घरापुढे उघडे पडते.

कादंबरीच्या अखेरीस निवेदक वाचकाकडे देवदाससाठी सहानुभूती मागतो. असे मरण कोणाला येऊ नये, निदान शेवटी एखादा मायेचा हात कपाळावर असावा, अशी त्याची भावना आहे. ‘कपाळ’ हा शब्द येथे पुन्हा येतो. मरणाऱ्या देवदासच्या कपाळाला मायेच्या स्पर्शाची वाण पडली, याचे निवेदकाला दुःख आहे. पार्वतीच्या कपाळावर देवदासचा स्पर्श कोणत्या रूपात उरला, याचा त्याला या क्षणी विसर पडला आहे. संहितेने जे सारे दाखवले, ते निवेदकाने शेवटच्या परिच्छेदात झाकले. कादंबरीचा पुढील इतिहास बहुतांशी त्या शेवटच्या परिच्छेदाचा इतिहास आहे.

पडद्यावरील वारसा

१९३५ मध्ये प्रमथेश बरुआ यांनी ‘देवदास’ बंगालीत आणि त्यापाठोपाठ कुंदनलाल सैगल यांना घेऊन हिंदीत पडद्यावर आणला. बिमल रॉय यांचा दिलीपकुमार अभिनीत चित्रपट १९५५ मध्ये आणि संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट २००२ मध्ये आला. भन्साळी यांच्या चित्रपटात गळाच्या काठीची जागा मोत्यांच्या हाराने घेतली. हत्यारच दागिना झाल्यावर जखमही अलंकार व्हावी, हे ओघानेच आले.

महाराष्ट्रातून या परंपरेला दिले गेलेले उत्तर उल्लेखनीय आहे. प्रभात फिल्म कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये काढलेला ‘माणूस’ हा चित्रपट ‘देवदास’च्या निराशावादाला दिलेले प्रत्युत्तर मानला जातो. गणपत हा पोलीस शिपाई मैना या वेश्याव्यवसायातील स्त्रीवर प्रेम करतो, प्रेमभंगाने व्यसनाकडे वळतो, पण अखेर कर्तव्याकडे परततो. जीवन जगण्यासाठी आहे, हा त्या चित्रपटाचा संदेश महत्त्वाचा होता. तरीही या उत्तराला एक मर्यादा होती. शांतारामांनी देवदासचा दोष दुबळेपणात पाहिला आणि त्यावर कर्तव्यनिष्ठ, खंबीर पुरुषाचा उपाय सुचवला. पुरुषाने खचू नये, हे त्यांनी सांगितले. खचलेल्या पुरुषाने स्त्रीवर काय लादले, हा प्रश्न तसाच राहिला.

अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’ने (२००९) या प्रश्नाला काही अंशी हात घातला. तेथे नायक पारोविषयीच्या अफवेवर विश्वास ठेवून तिचा अपमान करतो, आणि त्याचे हे वागणे चित्रपट प्रेम म्हणून सजवत नाही. याउलट, ‘अर्जुन रेड्डी’ (२०१७) आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘कबीर सिंग’ (२०१९) यांत व्यसनी, संतापी, हात उचलणारा प्रेमिक पुन्हा नायक झाला. त्या निमित्ताने झालेल्या वादात मारण्याची मोकळीक हेच जवळिकीचे लक्षण असल्याचे समर्थनही पुढे आले. १९१७ च्या कादंबरीत निदान देवदासला खेद होता. शतकानंतरच्या वारसदाराला तोही उरला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘देवदास’मध्ये हिंसा ही प्रेमाच्या अतिरेकातून येत नाही. पुरुषाला निर्णय घेता येत नाही आणि स्त्रीचा निर्णय सोसवत नाही, त्या ठिकाणी ती येते. बांबूच्या प्रसंगातील मार, पत्र, घाटावरील घाव आणि आत्मनाश ही एकाच वृत्तीची क्रमाने बदलत गेलेली रूपे आहेत.

२. दुबळेपणा आणि हिंसा हे परस्परविरोधी गुण नाहीत. सत्तेपुढे दुबळा असलेला पुरुष आपल्याहून कमी सत्ता असलेल्या स्त्रीवर हिंसा करू शकतो. म्हणून देवदासला केवळ ‘बिचारा’ ठरवणारी समीक्षा अपुरी ठरते.

३. हिंसेला अर्थ देण्याचे ओझे कादंबरीत पार्वतीवर पडते. तिने जखमेला गौरव मानणे हे तिच्या असहायतेचे आणि तिच्या सामर्थ्याचेही निदर्शक आहे. त्यावरून हिंसेचे समर्थन मात्र करता येत नाही.

४. शरच्चंद्रांची निवेदकीय सहानुभूती देवदासकडे झुकलेली असली, तरी त्यांच्या चित्रणातील प्रामाणिकपणा तिच्यावर मात करतो. कादंबरीचा खरा मोठेपणा या विसंगतीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी किमान एखाद्या परिस्थितीत पतीने पत्नीला मारणे योग्य असल्याचे मत नोंदवले. पार्वतीचे मौन अद्याप इतिहासजमा झालेले नाही, असाच याचा अर्थ होतो. महाविद्यालयीन वर्गात बसलेले तरुण-तरुणी देवदास वाचण्याआधी त्याच्या वारसदारांना पडद्यावर भेटलेले असतात. अशा वेळी ही कादंबरी अभ्यासक्रमातून किंवा चर्चेतून दूर ठेवण्यात काही साधणार नाही. ती पूर्ण वाचली जावी, आणि वाचताना पिंपळाखालच्या मृत्यूइतकाच वेळ घाटावरील त्या सकाळसंध्याकाळच्या साध्या जागेला, जिथे एका मुलीने ‘नाही’ म्हटले होते, दिला जावा. देवदाससाठी डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. त्या डोळ्यांना पार्वतीचे कपाळही दिसावे, एवढीच अपेक्षा समीक्षेने ठेवावयास हवी.